जिल्हा परिषदेच्या हायस्कूलसाठी सरकारी निधी कसा आणायचा

"निधी नाही" हे उत्तर ऐकून पंचायत समितीच्या पायऱ्या उतरू नका. निधी असतो. पण तो ठरावीक लेखाशीर्षात, म्हणजे सरकारी हिशेबातल्या ठरावीक खर्चाच्या खात्यात असतो, ठरावीक महिन्यांत वाटला जातो, आणि ज्या शाळेची फाईल परत पाठवायला कारण सापडत नाही तिच्याकडे आधी जातो. मी जळगाव जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात शाखा अभियंता होतो. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यातल्या कितीतरी वर्गखोल्यांची अंदाजपत्रकं माझ्या हातून गेली. निवृत्तीनंतर आता गावोगावचे पालक घरी येतात आणि विचारतात, "आप्पा, हाई काम व्हई का?" त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे.

सगळ्यात आधी शाळा कोणाची ते पक्कं करा. आपल्याकडची पुष्कळ हायस्कुलं संस्थांची आहेत. त्यांना शिक्षकांच्या पगाराचं अनुदान मिळतं, पण इमारत बांधणं-राखणं ही मुख्यतः संस्थेची जबाबदारी असते. आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकास विभाग, शहरातली असेल तर नगरपरिषद. पुढे जे लिहिलंय ते जिल्हा परिषदेच्या शाळेबद्दल. त्यातही एक मेख आहे. दहावीपर्यंतची शाळा असेल तर सहसा आठवीपर्यंतचे वर्ग शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्या टेबलावर आणि नववी-दहावीचे (माध्यमिक) यांच्या टेबलावर जातात. शिक्षण हक्क कायद्याचे निकषसुद्धा आठवीपर्यंतच लागू आहेत. म्हणून "शाळेला खोल्या द्या" असं मोघम लिहिलेला अर्ज दोन टेबलांमध्ये फिरत राहतो. कोणत्या इयत्तेसाठी किती खोल्या हव्यात ते पहिल्याच ओळीत लिहा.

मग जमिनीचा कागद. जुन्या काळी गावातल्या एखाद्या मोठ्या मनाच्या शेतकऱ्याने शाळेला जागा दिली, शब्दावर दिली, आणि सातबाऱ्यावर नाव त्याचंच राहिलं. आज त्याची नातवंडं पुण्याला नाहीतर सुरतला असतात. अशा जागेवर नव्या बांधकामाला मान्यता मिळणं फार कठीण. शाळा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घर-जागेच्या कर आकारणीचा उतारा काढा, सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिका, बाहेर असेल तर सातबारा. नाव जिल्हा परिषदेचं किंवा शाळेचं नसेल तर वारसांना भेटून बक्षीसपत्राचं काम आधी हाती घ्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावाबाहेरची माणसं घरी येतात, तेव्हा बोलणं सोपं जातं. हे काम वेळ खातं, पण त्याला टाळून पुढे गेलेलं एकही प्रकरण मी सुरळीत झालेलं पाहिलेलं नाही.

आता यू-डायस, म्हणजे शाळांच्या माहितीची सरकारी नोंद. पालकांना हा शब्द माहीत नसतो, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. प्रत्येक शाळेला 11 अंकी कोड असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राला 27. पुढचे दोन जिल्ह्याचे: नंदुरबार 01, धुळे 02, जळगाव 03. या कोडखाली दरवर्षी शाळेची माहिती भरली जाते: पटसंख्या, खोल्या, शौचालयं, पाणी, वीज, रॅम्प, प्रयोगशाळा. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेचा जिल्ह्याचा आराखडा या माहितीवरून तयार होतो. तो मुंबईला राज्य कार्यालयात जातो आणि तिथून दिल्लीला प्रकल्प मान्यता मंडळापुढे. तिथे बसलेल्या माणसाने तुमची गळकी खोली पाहिलेली नसते. त्याला फक्त तुमचा आकडा दिसतो.

खोलीची स्थिती तीन प्रकारे भरतात: चांगली, किरकोळ दुरुस्तीची, मोठ्या दुरुस्तीची. शाळेचं नाव खराब होईल या भीतीने पुष्कळ ठिकाणी "चांगली" असं भरून मोकळे होतात. मुलींच्या शौचालयाला दार नाही, पाणी नाही, तरी कागदावर ते चालू. असं असलं की तुमची मागणी कितीही खरी असली तरी संगणक म्हणतो, या शाळेत सगळं आहे. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मुख्याध्यापकांकडून भरलेल्या माहितीची प्रिंट मागा. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' मध्ये बरीच माहिती मोबाईलवरही दिसते. प्रिंट हातात घेऊन समितीने शाळेत फिरावं आणि एकेक ओळ प्रत्यक्षाशी ताडून पाहावी. चूक असेल तर ती पुढच्या भरणीत दुरुस्त करण्याचा ठराव करा. मुख्याध्यापकांवर आरोप म्हणून हे मांडू नका. त्यांच्या सहीमागे गाव उभं आहे असं त्यांना वाटलं तर तेच खरं भरतात.

पटसंख्येचंही तसंच. 30 सप्टेंबरचा पट महत्त्वाचा धरला जातो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, धडगाव-अक्कलकुव्याकडे तर जास्तच, दिवाळीच्या सुमारास कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्याआधी, सप्टेंबरात, प्रत्येक मूल हजेरीपटावर आणि शाळेत असेल याकडे लक्ष द्या. समग्र शिक्षाचं एकत्रित शाळा अनुदान पटावरच ठरतं: 30 पर्यंत 10 हजार रुपये, 31 ते 100 ला 25 हजार, 101 ते 250 ला 50 हजार, 251 ते 1000 ला 75 हजार, त्यावर 1 लाख. त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. या पैशातून स्लॅब होत नाही. लिहायचे फळे, पंखे, नळ, रंग यांसाठी तो आहे. गावात "शाळेला 75 हजार आले, छत का नाही टाकलं" असे वाद होतात ते हे माहीत नसल्यामुळे.

जुनी खोली पडायला आली असेल तर नव्या खोलीच्या मागणीआधी तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवा. निर्लेखन म्हणजे ती इमारत जिल्हा परिषदेच्या दप्तरातून अधिकृतपणे कमी करणं आणि पाडण्याची परवानगी. जोवर दप्तरात चार खोल्या आहेत तोवर पाचवी मागायला आधार नाही, मग त्या चारांत शेळ्या बांधलेल्या का असेनात. प्रस्तावात बांधकामाचं वर्ष, चारी बाजूंचे फोटो, अभियंत्याचा पाहणी अहवाल आणि समितीचा ठराव लागतो. अहवाल येईपर्यंत त्या खोलीत एकही वर्ग बसवू नका. झाडाखाली बसवा, मंदिराच्या सभामंडपात बसवा.

पैसा कोणत्या दारातून येतो ते आता थोडक्यात सांगतो. नव्या खोल्या आणि मोठी दुरुस्ती यांसाठी मुख्य दार जिल्हा वार्षिक योजनेचं, जी पालकमंत्री अध्यक्ष असलेली जिल्हा नियोजन समिती ठरवते. तिथे वर्गखोली बांधकाम आणि शाळा दुरुस्ती ही कामं वेगवेगळ्या शीर्षांत जातात, म्हणून दोन्ही एका अर्जात घालू नका. आदिवासी भागात आदिवासी उपयोजनेतून मागणी करता येते. त्यासाठी यावल, धुळे, नंदुरबार, तळोदा इथल्या प्रकल्प कार्यालयांपैकी तुमचं कोणतं ते पाहा. समग्र शिक्षाचा रस्ता वर सांगितलाच. त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40. पाणी आणि शौचालयासाठी ग्रामपंचायतीकडे जा. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, आणि शाळेचं शौचालय किंवा हातधुणं ग्रामपंचायत विकास आराखड्यात बसतं. आमदार निधी वर्षाला 5 कोटी आहे आणि खासदार निधीही 5 कोटी. संरक्षक भिंत, प्रयोगशाळेची खोली, संगणक यांसाठी तो उपयोगी पडतो, पण मतदारसंघातली सगळी गावं त्याच्याकडे डोळे लावून बसलेली असतात. पीएम श्री ही निवडक शाळा आदर्श करण्याची केंद्राची योजना 2022 साली जाहीर झाली, ती देशातल्या 14,500 शाळांपुरती आहे. तुमची शाळा निवडलेली नसेल तर त्या नादी लागण्यात वेळ घालवू नका.

ठराव कसा लिहावा याचा एक नमुना देतो, कारण "शाळेचा सर्वांगीण विकास करावा" असे ठराव मी ढिगाने पाहिलेत आणि त्यांचं अंदाजपत्रक करता येत नाही. असं लिहा:

"जिल्हा परिषद शाळा, यू-डायस क्रमांक अमुक. इयत्ता 9 वी व 10 वी, पट अमुक. सध्या दोन वर्ग एकाच पत्र्याच्या खोलीत बसतात. जुनी खोली क्रमांक 3 चे निर्लेखन मंजूर, आदेश जोडला आहे. जागा नमुना 8 प्रमाणे जिल्हा परिषदेच्या नावे, उतारा जोडला आहे. सबब, 2 वर्गखोल्यांचे बांधकाम जिल्हा वार्षिक योजनेतून मंजूर करावे."

बस, एवढंच. सोबत उतारा, निर्लेखन आदेश, यू-डायसची प्रिंट, फोटो आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. तालुक्याला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या, आणि एक प्रत बांधकाम उपविभागाला द्या म्हणजे अंदाजपत्रकाची चाल सुरू होते. आधी अंदाजपत्रक, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. फाईल कुठे आहे हे विचारायला जाल तेव्हा यातला कोणता टप्पा चालू आहे तेवढंच विचारा. नेमकं उत्तर मिळतं.

महिने चुकवू नका. 15 ऑगस्टच्या आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्या. दिवाळीआधी प्रस्ताव तालुक्याला पोचला पाहिजे, कारण पुढच्या वर्षाच्या योजनेचं प्रारूप हिवाळ्यातच ठरतं. मार्चमध्ये अर्ज घेऊन येणाऱ्याला कोणीच काही देऊ शकत नाही. आणि एक दिलासा: जिल्हा वार्षिक योजनेतून जिल्हा परिषदेला मिळालेला निधी पुढच्या आर्थिक वर्षाच्या मार्चपर्यंत खर्च करता येतो. त्यामुळे पहिल्या मार्चला काम सुरू झालं नाही म्हणून पैसा गेला असं समजू नका. पण दुसरा मार्च मात्र खरा. तोवर काम झालं नाही तर पैसा परत जातो, आणि पुन्हा मिळवणं पहिल्यापेक्षा अवघड असतं.

मंजुरीनंतर गाव सुटकेचा श्वास टाकतं. माझं म्हणणं असं की खरं लक्ष तेव्हाच द्यायचं. तापीकाठची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढी फाटते. तिच्यावर उथळ पाया घेतला की दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. म्हणून खोदाईच्या दिवशी समितीतल्या दोघांनी हजर राहावं. खड्ड्यात काळी माती संपून पक्का मुरूम लागला का, की नकाशाप्रमाणे वेगळ्या प्रकारचा पाया घेतलाय, ते शाखा अभियंत्याला विचारावं आणि खड्ड्यात टेप धरून फोटो काढावा. एकदा पाया भरला की तो कोणालाच दिसत नाही.

दुसरी गोष्ट पाणी मारणं. बांधकामं बहुतेक मार्च ते मे चालतात. भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या आसपास असतो. सकाळी टाकलेला स्लॅब दुपारी पांढरा पडायला लागतो. अशा कोरड्या उन्हात साध्या सिमेंटला निदान 10 दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला, म्हणजे गोणीवर पीपीसी लिहिलेलं असतं त्याला, निदान 14 दिवस ओल राहिली पाहिजे. स्लॅबवर मातीचे छोटे वाफे करून पाणी कोंडायचं, कॉलमला ओली गोणपाटं गुंडाळायची. ठेकेदाराचा माणूस संध्याकाळी निघून जातो. शाळेशेजारच्या घरांनी पाळी लावली तर हे सहज होतं. ज्या गावांनी असं केलं तिथले स्लॅब मी वर्षांनंतर पाहिलेत, कोरडे आणि ठणठणीत.

नकाशावर सही होण्याआधी आणखी तीन गोष्टी मागून घ्या. खिडक्या उत्तर-दक्षिण, पश्चिमेला बंद भिंत किंवा व्हरांडा, म्हणजे दुपारचं ऊन वर्गात शिरत नाही. छतावर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक. आणि रॅम्प 1 फूट उंचीला 12 फूट लांब, कठड्यासकट. त्याहून उभा केला तर चाकाच्या खुर्चीवरचं मूल स्वतःच्या हाताने वर येऊ शकत नाही.

कामाच्या जागी माहिती फलक लागलाय का पाहा: योजनेचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत. नसेल तर लेखी मागा. काम संपल्यावर ताबा घेताना दिवे, नळ, दारं, उतार सगळं तपासून राहिलेल्या गोष्टींची यादी त्याच कागदावर लिहा आणि मगच मुख्याध्यापकांनी सही करावी. ठेकेदाराची सुरक्षा अनामत दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत कार्यालयात असते. पहिल्या मोठ्या पावसात छताखाली उभं राहून पाहा. ओल दिसली तर त्याच आठवड्यात उपअभियंत्याला लेखी कळवा, पोच घ्या, फोटो जोडा. अनामत परत गेल्यावर तीच गळती दुरुस्तीच्या नव्या प्रस्तावात जाते आणि तुम्ही पुन्हा दिवाळीआधीच्या रांगेत उभे राहता.