संदेष्ट्यांचा उतारा चारचौघांत कसा मांडावा

आधी स्वतःची जागा ठरवा. बायबलमधल्या संदेष्ट्यांचं, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांचं, पुस्तक हातात आलं की वाचणारा नकळत संदेष्ट्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो आणि समोरच्यांना बोल लावू लागतो. ही खोड मोडायला आमोस या संदेष्ट्याचे पहिले दोन अध्याय सलग, मोठ्याने वाचा. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. ‘तीन अपराध, नव्हे चार’ हे पालुपद घेऊन तो एकेका शेजाऱ्याला झोडपतो, आणि ऐकणाऱ्यांच्या माना डोलत असणार. मग यहूदाचं नाव येतं, आणि शेवटी खुद्द इस्राएलचं, म्हणजे ऐकणाऱ्यांचंच. तुमची जागा त्या ऐकणाऱ्यांत आहे. हे संदेष्टे स्वतःच्या लोकांना, घरातल्या माणसाच्या हक्काने रागावत होते. तीच वचनं उचलून बाहेरून यहुद्यांवर फेकणं हा त्यांचा सरळ दुरुपयोग आहे, आणि तो शतकानुशतकं झाला आहे.

उतारा कुठे तोडायचा हे अध्यायांच्या आकड्यांवर सोपवू नका. ती विभागणी मध्ययुगात झाली. दुःखी सेवकाचं गीत यशया ५३:१ ला नव्हे, ५२:१३ ला सुरू होतं. आधीची तीन वचनं गाळली तर फक्त मार खाणारा सेवक दिसतो, उंचावला जाणारा दिसत नाही. साधारण दहा ते वीस वचनं पुरे. यहुद्यांच्या सभास्थानात तोराच्या (मोशेच्या पाच पुस्तकांच्या) पाठानंतर संदेष्ट्यांतला जो भाग वाचतात, त्या हफ्ताराला किमान २१ वचनं असावीत असा जुना दंडक आहे, पण विषय आधी पुरा झाला तर कमीही चालतात. हिशेब आकड्याचा नाही, विषयाचा. गटात वेगवेगळ्या आवृत्त्या असतील तर क्रमांक आधी जुळवून घ्या. हिब्रूत योएलचे चार अध्याय आहेत, बहुतेक भाषांतरांत तीन. मलाखीचं नेमकं उलट, हिब्रूत तीन आणि भाषांतरांत चार.

मग पेन्सिल घ्या आणि समासात लिहा: बोलतंय कोण? देव, संदेष्टा की लोक? ही पायरी सर्रास गाळली जाते आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात. हबक्कूक १:२–४ ही संदेष्ट्याची तक्रार आहे, १:५–११ हे देवाचं उत्तर, १:१२ पासून पुन्हा संदेष्टा, आणि २:२ पासून पुन्हा देव. एकाच माणसाने एकाच सुरात हे वाचलं तर देवच देवाकडे तक्रार करतोय असं वाटतं. दोन वाचक उभे करा. मीखा ६:६–७ मधले हजारो मेंढ्यांचे आणि तेलाच्या नद्यांचे प्रश्न लोकांच्या तोंडचे आहेत. त्यांचा स्वर त्यांना उत्तर देणाऱ्या ८ व्या वचनात जाऊ देऊ नका.

मराठीत एक खास खड्डा आहे, तो ‘तुम्ही’चा. आपण एकालाही आदराने ‘तुम्ही’ म्हणतो, त्यामुळे यिर्मया २९:११ मधलं भविष्याचं आणि आशेचं आश्वासन आपल्याला एकट्याला दिल्यासारखं ऐकू येतं. हिब्रूत तिथे स्पष्ट अनेकवचन आहे. ते वचन यिर्मयाच्या एका पत्रातलं आहे, आणि ते पत्र यहूदाच्या यखन्या राजाबरोबर इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. पाचव्या वचनात त्यांना घरं बांधा, बागा लावा असं सांगितलंय, सातव्यात त्या परक्या नगराचं हित पाहा, आणि दहाव्यात सत्तर वर्षांची मुदत. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांचं मरण तिथेच लिहिलेलं. त्याआधीच्याच अध्यायात हनन्या हा खोटा संदेष्टा दोन वर्षांत सुटका सांगतो. दहावं वचन गाळून अकरावं वाटलं तर नाव यिर्मयाचं राहतं आणि संदेश हनन्याचा होतो. म्हणून हे वचन द्यायचंच असेल तर ४ ते १४ द्या.

वाचताना ओळीच्या दोन भागांमध्ये श्वासभर थांबा. हिब्रू कवितेत दुसरा भाग पहिल्याला पुढे नेतो किंवा उलटवतो. शब्दखेळ भाषांतरात मरतो, तिथे मूळ शब्द तेवढे उच्चारा. यशया ५:७ मध्ये देवाला हवा होता ‘मिश्पात’ (न्याय), मिळाला ‘मिस्पाख’ (रक्तपात). हवी होती ‘त्सदाका’ (नीती), ऐकू आली ‘त्सआका’ (किंकाळी). चार शब्द पुरेत, व्याकरणाचा तास घेऊ नका.

वस्तू मात्र समजावून सांगा. आमोस ८:५ मध्ये धान्याचे व्यापारी एफा लहान आणि शेकेल मोठा करतात. एफा हे धान्याचं माप. शेकेल इथे नाणं नव्हे, वजन. किंमत म्हणून आलेली चांदी त्याने तोलत. माप लहान म्हणजे गिऱ्हाइकाला धान्य कमी, वजन जड म्हणजे त्याच्याकडून चांदी जास्त. वर तराजू खोटा, आणि पुढच्याच वचनात गव्हाचं भुसकटही विकायला काढलेलं. एवढं कळलं की ‘अन्याय’ हा शब्द हवेत राहत नाही.

अर्थ सांगताना ‘परमेश्वर असे म्हणतो’ हे शब्द फक्त लिखित वचनासाठी राखून ठेवा. तुमच्या मताची सुरुवात ‘मला यातून असं दिसतं’ अशी व्हावी. ताजी बातमी भाकितावर चिकटवणं तर नकोच. हनन्याने भरमंदिरात आव्हान दिलं तेव्हा यिर्मया आधी ‘आमेन, तसंच होवो’ म्हणाला. हनन्याने त्याच्या मानेवरचं जू काढून मोडलं तेव्हा मुकाट्याने निघून गेला आणि वचन मिळाल्यावरच परत बोलला. उत्तर नसेल तर गप्प बसायला हरकत नाही.

प्रतिसादाची घाई करू नका. वाचनानंतर दोन मिनिटं शांतता, मग उतारा पुन्हा एकदा, दुसऱ्याच्या आवाजात. त्यानंतर विचारा: हा उतारा काय मागतो? विलापाच्या उताऱ्याला विलापच उत्तर. तिथे लगेच ‘सगळं ठीक होईल’ म्हणू नये. यशया ५८:६–७ उपासाबद्दल बोलतो, पण मागतो जू तोडणं, भुकेल्याला भाकर, उघड्याला वस्त्र. तिथे आणखी एक उपास जाहीर करणं म्हणजे ऐकलंच नाही. आमोस ८ ला उत्तर द्यायचं तर आपला तराजू काढावा लागतो: कुणाची मजुरी थकली आहे, कुणाकडून जास्त घेतलं, आणि ते कोण, कधी परत करणार. नाव आणि दिवस ठरला नाही तर तो प्रतिसाद आठवडाभरात विरतो.

राहिली न आवडणारी वचनं. यहोयाकीम राजा शेगडीपाशी बसून यिर्मयाची गुंडाळी ऐकत होता. तीन-चार स्तंभ वाचून झाले की तेवढे चाकूने कापून आगीत टाकत होता. यिर्मयाचा लेखनिक बारूख याने सगळं पुन्हा लिहिलं, वर भरही पडली. वेळेअभावी काही गाळलंत तर गाळल्याचं सांगा. यशयाचं शेवटचं वचन, ६६:२४, प्रेतांचं आणि न मरणाऱ्या किड्याचं आहे. सभास्थानात ते वाचतात, आणि मग २३ वं वचन पुन्हा म्हणून थांबतात.