निवृत्तीनंतर राहायचं कुठे आणि कसं? नवरा-बायकोंनी या चुका टाळा

यांचा निरोप समारंभ होता. शाल-श्रीफळ झालं, दोन सहकारी बोलले, मग हे उठले. "आता मी आणि ही, दोघं गावी जाऊन राहणार. गुहागरजवळ घर आहे, आगर आहे, विहीर आहे," असं माईकवर म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत मांडीवर पुष्पगुच्छ घेऊन बसले होते. आमचं गावी जायचं ठरलंय, हे मला त्या क्षणी कळलं. माझी शाळेतली नोकरी अजून एक वर्ष शिल्लक होती.

आज हे लिहितेय ते कोथरूडमधल्या आमच्या ओळखीच्या घरांत हाच गुंता वेगवेगळ्या रूपांत बघितला म्हणून. कुणाला फ्लॅट विकून मुळशीकडे जमीन घ्यायची असते आणि बायकोला मुलाजवळ हिंजवडीला राहायचं असतं. कुणी बायको नव्या उमेदीने काही सुरू करू बघते आणि नवऱ्याला नुसती शांतता हवी असते. माणसं चांगली, संसार चांगला, आणि तरी साठीनंतरची दोन-तीन वर्षं धुसफुशीत जातात. ती वाचवता येतात.

"बघू" म्हणजे हो नव्हे

खरं तर हे वीस वर्षं म्हणत होते, "रिटायर झालो की गावी जाऊ." आणि मी वीस वर्षं म्हणत होते, "बघू." यांनी माझं 'बघू' होकार धरलं. मी यांचं बोलणं कंपनीच्या बसमधून उतरलेल्या, दमलेल्या माणसाचं बोलणं धरलं. पीएफ किती, ग्रॅच्युइटी किती, मेडिक्लेमचा हप्ता किती, हे सगळं आम्ही दोघांनी बसून मांडलं होतं. राहायचं कुठे आणि दिवस कसा काढायचा, हे मात्र ज्याने त्याने आपल्या मनात ठरवलं होतं. माझंही ठरलं होतं. लग्नाआधी गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांमधली मध्यमा प्रथम झाली होती, मध्यमा पूर्ण राहून गेली होती. ती द्यायची म्हणून शनिवार पेठेतला एक क्लासही मी बघून ठेवला होता. यांना बोलले नव्हते. दोष एकट्या यांचा नव्हता.

"एकमेकांशी बोला" असं सगळेच सांगतात. पण "तुम्हाला पुढे काय करायचंय?" असं विचारलं की उत्तर येतं, "काही नाही, सुखात राहायचं." त्यातून काही हाती लागत नाही. आम्हाला उपयोगी पडलं ते वेगळंच. कॅलेंडरची जुनी पानं घेतली, वेगवेगळ्या खोल्यांत बसलो आणि पाच वर्षांनंतरचा एक साधा मंगळवार, उठल्यापासून झोपेपर्यंत, घड्याळाच्या काट्यावर लिहून काढला. सणवार नाही, सहल नाही, मंगळवार.

यांच्या कागदावर होतं: ५.०० उठणे. ५.३० माडांना पाणी. ७.०० ओटीवर चहा. ९.०० कलमांची कामं. १२.३० जेवण. माझ्या कागदावर होतं: ६.०० म्हातोबा टेकडी. ८.०० रियाज. ११.०० क्लास. दुपारी पोळ्यांना बाई. यांनी वाचलं आणि विचारलं, "गावी पोळ्यांना बाई कुठून मिळणार?" मी यांच्या कागदावर बोट ठेवलं. "अहो, हे साडेबाराचं जेवण कोण करणार?"

हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "याचा मी विचारच केला नव्हता गं."

तिथे मला माझंच मन नीट कळलं. मला कोकण नको होतं असं नाही. पण ते घर म्हणजे यांच्यासाठी लहानपण आणि मे महिन्याची सुट्टी. मी त्या घरात सून म्हणून गेले. माझ्यासाठी ते घर म्हणजे विहिरीवरून भरलेलं पाणी, पंधरा पानांचा स्वयंपाक आणि चार वाजता पुन्हा चहाचं आधण. घर एकच, पण एकाची विश्रांती आणि दुसऱ्याचं काम. गावचं घर असो, शेतघर असो, मुलाचा फ्लॅट असो, 'तिथे माझ्या वाट्याला काय येणार' हे दोघांनी वेगवेगळं विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

राहून बघण्याआधी विकू नका

पहिलं वर्षभर तरी परत न फिरवता येणारं काही करू नये, असं माझं ठाम मत आहे. पुण्यातलं घर एकदा विकलं की त्याच भागात परत घेणं पेन्शनवर जमत नाही. आणि राहून बघायचं तर मे महिन्यात नव्हे, जुलैत. मे महिन्यात आंबे असतात, भावंडं असतात, सगळंच गोड लागतं. गुहागरहून चिपळूण सुमारे ४५ किलोमीटर, मोठा दवाखाना गाठायचा तर आधी ते अंतर. त्याच चिपळूणमध्ये जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठ पाण्याखाली गेली होती.

आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये पाच आठवडे राहिलो. दोन दिवस वीज नव्हती, ओल्या पायरीवरून हे घसरले आणि गुडघा सुजला. रेंजसाठी छत्री घेऊन रस्त्यावर जावं लागायचं. पण त्याच पाच आठवड्यांत मला ओटीवरून समोरच्या डोंगरावर उतरणारा पाऊस बघत बसायची गोडी लागली, आणि यांना कळलं की रोज सकाळी टेकडीवर भेटणारी चार माणसं आपल्याला किती लागतात. दोघांच्या ठाम मतांना तडे गेले. घरात बसून वाद घालून हे झालं नसतं.

पुण्यात यासाठी एक चांगली संधी असते, ती बरेच जण दवडतात. जुन्या तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायट्या पुनर्विकासाला जातात तेव्हा बिल्डर बांधकामाच्या काळात घरभाडं देतो. सगळे धावत त्याच गल्लीत भाड्याचं घर शोधतात. गावी, मुलांजवळ किंवा ज्येष्ठांसाठीच्या एखाद्या प्रकल्पात राहून बघायला तोच काळ बरा. बावधन, बाणेर, हडपसर या बाजूंना असे प्रकल्प आहेत. तिथे महिनाभर राहिल्याशिवाय पैसे भरू नका आणि दोन प्रश्न लेखी विचारा: घर मालकीचं मिळणार की नुसता राहण्याचा हक्क? आणि दोघांपैकी एक गेल्यावर मागे राहिलेल्याच्या नावाने काय होतं?

पैसे दोघांचे, कागद एकाचे

इथे भाबडेपणा फार महाग पडतो, म्हणून जरा सविस्तर.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये १५ लाखांवरून ३० लाख झाली. जोडीदाराबरोबर संयुक्त खातं उघडता येतं, पण त्यातली सगळी रक्कम पहिल्या नावाची धरली जाते. दोघांनी आपापल्या नावाने वेगळं खातं उघडलं तर प्रत्येकाला ३० लाखांची मर्यादा मिळते. ८.२ टक्के दराने ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज येतं. पण ही पाच वर्षांची योजना आहे. एका वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज वळतं करून घेतात, दुसऱ्या वर्षात मोडलं तर दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापतात. म्हणून गावच्या घराची डागडुजी करायची की नाही, हे ठरण्याआधी सगळी पुंजी तिथे अडकवू नका.

दुसरा हिशेब कुणालाच करावासा वाटत नाही: आपल्यातला एक गेला तर महिन्याला काय येईल? माझं शाळेचं पेन्शन आहे, आणि माझ्यामागे यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के. यांचं ईपीएस, म्हणजे पीएफबरोबर येणारं खासगी नोकरीतलं पेन्शन, मात्र मुळातच तुटपुंजं. त्यात वेतनाची मर्यादा १५,००० धरतात, त्यामुळे बहुतेकांना साडेसात हजारांच्या आतच मिळतं, आणि मागे जोडीदाराला त्याच्या निम्मं. आमच्या घरात पेन्शनचा भार माझ्यावर आहे, हे हिशेब मांडेपर्यंत आम्हा दोघांनाही नीट उमगलं नव्हतं. गावाच्या योजनेत मी आधी गेले तर काय, हा प्रश्नच नव्हता.

नॉमिनी लावला की झालं, हाही मोठा गैरसमज. नॉमिनी रक्कम हातात घेणारा असतो, तो आपोआप मालक होत नाही. दोघांनी स्वतंत्र मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. आणि राहतं घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करण्याची घाई करू नका. करायचंच असेल तर 'आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द त्यात घाला. सांभाळ झाला नाही म्हणून घर परत मिळवायला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार घ्यायची वेळ आलीच, तर ती अट लिहिलेली असणं फार मोलाचं ठरतं.

दोघांची निवृत्ती एका दिवशी होत नाही

यांच्या निवृत्तीनंतर वर्षभर मी शाळेत जात होते. एकदा दुपारी घरी आले तर फडताळातले सगळे डबे यांनी नव्याने लावलेले. मदत म्हणूनच केलं होतं. मला मात्र रडू आलं, कारण तीस वर्षांत त्या घरात ओटा हीच माझ्या मर्जीची जागा होती. नुसता राग धरून ठेवला असता तर तो वर्षानुवर्षं राहिला असता. त्याच संध्याकाळी वाटण्या केल्या: डबे माझ्या पद्धतीने, पण दुपारचं वरण-भात-भाजी यांच्याकडे पूर्ण, बाजारासकट. मध्ये मध्ये 'हातभार' नको, एक काम पूर्ण घ्या. उरलेल्या वेळेबद्दलही तेच: सकाळी दहा ते एक एकमेकांना विचारायचं नाही की काय करतेस, कुठे निघालात.

मुलांचं धरून चालणं

आमची लेक न्यू जर्सीत. तिचं बाळंतपण ठरलं तेव्हा "आई-बाबा सहा महिने येतील" असं तिच्या घरी ठरूनच गेलं होतं. पर्यटक व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिनेच राहता येतं, म्हणजे पूर्ण मुदत. मी आनंदाने गेले, पण तीनच महिने, आणि हे शेवटचे पाच आठवडे आले. लेकीला आधी वाईट वाटलं. नवरा-बायकोचं आपसात ठरण्याआधी मुलांना शब्द देऊ नका, कारण एकाने दिलेला शब्द दुसऱ्याला निभवावा लागतो.

आजारपणाचं थोडक्यात सांगते. अखेरच्या आजारात कुठवर उपचार करायचे हे लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होतं. यांना व्हेंटिलेटर नको आहे, मला शेवटपर्यंत प्रयत्न हवे आहेत. हे उलटं असेल असं मी पैजेवर सांगितलं असतं.

दोघांचं जमतच नसेल तर

प्रत्येकाने फक्त दोन गोष्टी लिहाव्यात, ज्यांच्यावाचून चालणारच नाही. यांच्या: मोहोर ते आंबा हा हंगाम गावी, आणि घर पडू द्यायचं नाही. माझ्या: क्लास आणि टेकडी. बाकी सगळं सोडता येण्यासारखं निघालं. पूर्ण वर्ष एका जागी राहिलंच पाहिजे, ही अट आम्हीच आमच्यावर घालून घेतली होती. आता हे जानेवारीत पुढे जातात, मी क्लासची सुट्टी लागली की एप्रिलमध्ये जाते, आणि ७ जूनच्या आत दोघं कोथरूडला परत. जानेवारी ते मार्च वेगळे राहतो म्हणून नातेवाइकांनी विचारलं, काय बिनसलं का. काही बिनसलेलं नाही. गावी शेजारची एक ताई ठरलेल्या पैशांत भाकऱ्या करून देते, माझ्या वाट्याला तिथे ओटी आहे.

कागद मात्र टाकून दिले नाहीत. दर दिवाळी पाडव्याला दोघं नवा मंगळवार लिहितो, कारण गुडघे बदलतात, मनंही बदलतात. गेल्या पाडव्याला यांच्या कागदावर '१२.३० जेवण' होतंच, पण त्याच्या वर एक ओळ जास्त होती: ११.४५ कुकर लावणे.