भाडे थेट खात्यात घेताना
घणसोलीत किंवा कळव्यात एखादा फ्लॅट भाड्याने देणाऱ्या घरमालकाने भाड्याचा बँक खाते क्रमांक आणि देय तारीख नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारातच लिहून घ्यावी व भाडेकरूला त्याच्या बँकेत दरमहा भाडे आपोआप पाठवण्याची स्थायी सूचना देण्यास सांगावे. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याची एनईएफटी सेवा डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू असल्याने रविवारची अडचण उरत नाही. शेऱ्यात फ्लॅट क्रमांक व महिना लिहिण्याचा आग्रह मात्र जरूर धरावा, कारण प्राप्तिकर विवरणपत्र भरताना अनामत आणि भाडे वेगळे काढणे त्यामुळेच सोपे जाते. यूपीआयने पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. तो मागणारा नवा ‘भाडेकरू’ फसवणूक करत आहे, असे निःशंक समजावे.