सागाची फळी घेताना आधी टोक बघा

वखारीत फळीच्या टोकावरची वर्षवलयं बघा. ती रुंदीला समांतर, आडवी असतील तर पृष्ठभागावर टोकदार कमानींची नक्षी उमटते. टेबलाला ती फार शोभते, पण रुंद फळी सुकताना पन्हाळीसारखी वाकते. वलयं उभी असतील तर रेषा सरळ येतात आणि रुंदीत आकसणं जवळपास निम्म्यावर येतं. पावसाळ्यात फुगून अडकणाऱ्या दारांच्या झडपांना मी हीच फळी घेईन. मुद्दाम सगळ्या उभ्या रेषांच्या फळ्या काढायच्या तर लाकूड वाया जातं, म्हणून भाव चढा असतो. पण साध्या सलग चिरलेल्या ओंडक्यातही मधल्या दोन-चार फळ्यांची वलयं उभीच असतात. त्याच मागून घ्या; फक्त अगदी मधोमधचा, तडकणारा गाभा असलेली फळी टाळा.