खालच्या अंगाची तपासणी: दवाखान्यात काय होतं, आपण काय करायचं

गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० बायांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. शंभरातल्या ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. आता प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ आलंय, आशाताई दारात येते. तरी 'रोवणी आटपू दे', 'कापूस निघू दे' म्हणत वर्ष जातं. पुरुषांचं तर विचारूच नका. एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेला 'गुप्तरोग' वाचून ते भलतीकडेच पैसे घालवून येतात.

निम्मी भीती टेबलावर काय होणार हे माहीत नसल्याची असते, म्हणून ते क्रमाने सांगतो.

घरून निघण्याआधी

खालचं अंग साध्या पाण्याने धुवा, तेवढं पुरे. योनीमार्गाच्या आत साबण किंवा डेटॉल घालू नका. त्याने आग होते आणि जे दिसायला हवं तेच धुऊन जातं. आदल्या दिवसापासून संबंध आणि आत ठेवायच्या गोळ्या टाळा. पाळी सुरू असेल तर साधी तपासणी चार दिवस पुढे ढकला. मात्र तक्रारच जास्त किंवा अवेळी रक्त जाण्याची असेल तर थांबू नका, तशाच जा. शेवटच्या पाळीची तारीख आठवून ठेवा.

बाईने तपासणीआधी लघवी करून यावं. गर्भपिशवी हाताला नीट लागते आणि दुखतही कमी. पुरुषाला लघवीच्या जागेतून पू येत असेल तर मात्र उलटं: तपासणीआधी तास-दोन तास लघवी करू नये, नाहीतर नमुनाच वाहून जातो.

केसपेपरपासून पडद्यापर्यंत

केसपेपरच्या खिडकीवर 'काय होते?' असं सगळ्या रांगेदेखत विचारतात. तिथे सगळं सांगायची गरज नाही. 'मॅडमशी बोलायचं आहे' किंवा 'डॉक्टरांनाच सांगतो' एवढं म्हणा. आत गेल्यावर मात्र आडपडदा नको. 'अंगावरून पांढरं जाते' एवढ्यावर थांबू नका. रंग कसा, वास येतो का, खाज आहे का, किती दिवसांपासून, नवऱ्याला काही त्रास आहे का, हे सांगा.

पुरुष डॉक्टर बाईला तपासत असतील तर सोबत दुसरी बाई हवीच. सिस्टर, आशाताई किंवा घरची. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतच तसं म्हटलं आहे, त्यामुळे मागताना संकोच नको. पडदा ओढायला सांगा. 'आता काय करणार?' हे विचारा. मध्येच 'थांबा' म्हटलं तर थांबलंच पाहिजे.

बाईची तपासणी

आधी पोट दाबून बघतात. मग पाय दुमडून, गुडघे फाकवून झोपायचं. बाहेरून फोड, जखम, सूज पाहतात आणि खोकायला लावतात. खोकताना लघवी सुटते का, अंग बाहेर येतं का, हे त्यात कळतं. नंतर स्पेक्युलम नावाचं यंत्र आत सरकवून पिशवीचं तोंड बघतात. थंडीच्या दिवसांत ते कोमट पाण्यात बुडवून घ्या म्हणायला हरकत नाही. कंबर टेबलाला टेकलेली ठेवा आणि तोंडाने सावकाश श्वास सोडत राहा. अंग आवळलं की दुखतं.

वय ३० ते ६५ असेल तर पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी याच वेळी मागून घ्या. सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, तिथे लावून मिनिटभर थांबतात. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी लागते. डाग म्हणजे कॅन्सरच असं नाही. निर्दोष निघाली तर पाच वर्षांनी पुन्हा.

शेवटी हातमोजा घालून दोन बोटं आत आणि दुसरा हात पोटावर ठेवून पिशवीचा आकार, गाठ, दुखरेपणा पाहतात. ही उपचारासाठीची तपासणी. बलात्काराच्या प्रकरणात 'कौमार्य' बघायला केली जाणारी 'टू फिंगर टेस्ट' वेगळी. ती सर्वोच्च न्यायालयाने चुकीची ठरवली असून, जो करेल तो गैरवर्तनाचा दोषी, असं २०२२ मध्ये बजावलं आहे. कधीच संबंध आले नसतील तर आधीच सांगा. सहसा आतून तपासत नाहीत, सोनोग्राफीवर भागवतात.

यातलं काहीच न करता कुणी 'पिशवी काढून टाका' म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

पुरुषाची तपासणी

आधी उभं करून बघतात, मग झोपवून. जांघेत गाठी आहेत का, लिंगावर फोड-जखम आहे का ते पाहतात. कातडी मागे तुम्हीच सरकवा आणि नंतर आठवणीने पुढे आणा, नाहीतर अडकून सूज येते. अंगठा आणि बोटांमध्ये एकेक गोळी (वृषण) हलकेच फिरवून बघतात. डावी थोडी खाली असणं आणि मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं लागणं नेहमीचं आहे. गोळीतच टणक, न दुखणारी गाठ लागली तर ती दाखवलीच पाहिजे. हे घरी अंघोळीनंतरही चाचपता येतं.

गोळ्यांची पिशवी सुजली असेल तर खोली अंधारी करून टॉर्च लावतात. पाणी भरलं असेल तर सूज तांबूस उजळते, ते हायड्रोसील. आपल्याकडे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा भागात हत्तीरोगामुळे ते बरंच दिसतं. खोकल्यावर फुगणारी, झोपल्यावर आत जाणारी सूज बहुधा हर्निया. दोन्हींवर ऑपरेशनच, पट्टा बांधून किंवा लेप लावून जात नाही.

लहान मुलाची गोळी सहा महिन्यांपर्यंत पिशवीत उतरली नसेल तर सर्जनला दाखवा. 'मोठा झाला की उतरेल' म्हणत बसू नका.

नंतर

संसर्ग निघाला तर जिल्हा रुग्णालयातल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये औषधं फुकट मिळतात. जोडीदारालाही उपचार लागतील का, हे तिथेच विचारा. लागणार असतील आणि एकट्यानेच घेतले, तर आजार पुन्हा घरात येतो. बरं वाटलं तरी कोर्स पुरा करा.

एका गोष्टीला मात्र ओपीडीची वेळ बघायची नाही. पोराच्या किंवा माणसाच्या एका गोळीत अचानक जीवघेणी कळ आली, सोबत उलटी झाली, तर गोळीला पीळ पडलेला असू शकतो. साधारण सहा तासांत ऑपरेशन झालं तर गोळी वाचण्याची आशा चांगली असते. रात्र असली तरी १०८ लावा आणि सर्जन असलेल्या रुग्णालयातच न्या.