तांबड्या पेशींच्या तपासणीत या चुका टाळा

परवा आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीनं ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटीच्या (पातळ सलाइनमध्ये तांबड्या पेशी कधी फुटतात ते बघायच्या) चौदा नळ्या सात मिनिटांत लावल्या आणि मोठ्या कौतुकानं मला दाखवायला आणल्या. सात मिनिटं! बेळगावात लॅबमध्ये काम करून मला बावीस वर्षं झाली, मला अजून पाऊण तास लागतो. सगळ्या नळ्या गुलाबी दिसत होत्या, अगदी ०.९ टक्क्याचीसुद्धा, जिथं पेशी फुटायलाच नकोत. म्हटलं, "पोरी, यातला आजार पेशंटचा किती आणि तुझा किती?"

हिमोग्लोबिन बघणं म्हणजे मोजदाद. आनुवंशिक ॲनिमियाच्या तपासण्यांचं तसं नसतं. तिथं आपण पेशीला मुद्दाम त्रास देतो आणि ती किती सोसते ते बघतो. पातळ सलाइनमध्ये टाकून फुगवतो, ऑक्सिजन काढून घेऊन पेशीचा सिकल, म्हणजे विळा होतोय का पाहतो, एन्झाइमची ताकद जोखतो. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. पांथरीतून (प्लीहेतून) जाताना तिला स्वतःच्या अंगापेक्षा कितीतरी अरुंद फटीतून पिळून निघावं लागतं, आणि असं तिला १२० दिवस करायचं असतं. तिच्यात केंद्रक नाही, म्हणजे नवीन प्रथिन बनवायची सोय नाही. निघताना जी शिदोरी बांधून मिळाली तीच शेवटपर्यंत पुरवायची. ज्यांची शिदोरी जन्मापासूनच तोकडी त्यांच्या पेशी लवकर हरतात, आणि ते आपल्याला नळीत दिसतं. पण नळीपर्यंत येतानाच कुणी त्या पेशीला पिळून काढलं असेल, तर तेही नळीत तसंच दिसतं. नळी दोन्हींत फरक करत नाही. तो आपणच करायचा.

बॉनेटवरची नळी

ही चूक माझ्या स्वतःच्या हातून झाली आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वीचा मे महिना. निपाणीकडच्या एका कलेक्शन सेंटरवरून नऊ वर्षांच्या मुलीचा नमुना आला. पोरगी फिकट, हिमोग्लोबिन १०.२, बरेच महिने लोहाचं औषध चालू, फरक काही नाही. स्लाइड लावली तर बारीक-बारीक गोल गोळे, तुकडे, काही पेशींना कोंब फुटल्यासारखे फुगवटे. फ्रॅजिलिटी लावली. निरोगी माणसाच्या पेशी साधारण ०.५ ते ०.४५ टक्के सलाइनला फुटायला लागतात आणि ०.३ च्या आसपास सगळ्या संपतात. या पोरीच्या ०.७५ लाच फुटायला लागल्या. शेजारी कंट्रोल (तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त) लावलेला होता, तो अगदी पुस्तकातल्यासारखा. मग शंका कशाची घ्यायची? हेरेडिटरी स्फेरोसायटोसिसशी (पेशी गोळा होण्याच्या आनुवंशिक आजाराशी) जुळणारं चित्र, असा रिपोर्ट गेला.

दहा-बारा दिवसांनी पोरीची आई स्वतः लॅबमध्ये आली. कुणीतरी तिच्यासमोर पांथरी काढण्याचा विषय काढला होता. "अक्का, पोट फाडायला लागतंय म्हणालेत. खरंच लागतंय का हो?" पोरगी काउंटरला धरून उभी, हातात चिक्की. तिच्याकडं बघून मला राहवलं नाही. तिथंच बोटाला टोचून एक स्लाइड ओढली, रंगवली आणि बघितली. गोळे नाहीत, तुकडे नाहीत. होत्या त्या लहान, फिकट पेशी आणि अधूनमधून मधोमध ठिपका असलेल्या टार्गेट पेशी. शिरेतून ताजं रक्त घेऊन सगळं परत लावलं. ०.३६ टक्क्याच्या नळीत कंट्रोल जवळजवळ पूर्ण फुटलेला आणि हिच्या पेशी अजून तग धरून! म्हणजे पहिल्या निकालाच्या बरोबर उलट. एमसीव्ही, म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान, ६२, तांबड्या पेशींची संख्या ५९ लाख, एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीत) एटू हा प्रकार वाढून ५.२ टक्के. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे नुसती वाहक. बापाचंही तेच निघालं. त्या पांथरीला कुणी हात लावायची काही गरज नव्हती.

नमुना आणणाऱ्या पोराला बोलावलं. त्याला राग आला, कारण त्याच्या मते त्यानं सगळं नीटच केलं होतं. "मॅडम, पिशवीत नाही टाकलं. ड्रायव्हरमामांच्या शेजारी बॉनेटवर ठेवलं होतं, सगळ्या वाटेभर नजरेसमोर."

जुन्या बसच्या इंजिनाच्या बॉनेटवर मे महिन्यात हात ठेवून बघा, किती वेळ ठेवता येतो ते कळेल. तांबड्या पेशीला आतून आधार देणारी जाळी असते, स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची. साधारण ४९ अंशाला ती जाळी ढिली पडते. मग पेशीला कोंब फुटतात, तुकडे पडतात आणि उरलेला भाग गोळा होतो. गोळ्याला फुगायला जागाच नसते, म्हणून तो थोड्याशा पाण्यानं फुटतो. एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात हीच जाळी ४५-४६ अंशाला मोडते, आणि तो ओळखायला पेशी मुद्दाम तापवून बघतात. आमच्याकडं ती तपासणी बसनं फुकटात करून दिली होती.

पण यात खरा गाढवपणा माझा होता. माझा कंट्रोल होता लॅबमधल्याच एका पोराचा, पाच मिनिटांपूर्वी काढलेला. पेशंटची नळी दोन तास बॉनेटवर तापलेली आणि कंट्रोल पंख्याखाली बसलेला. अशा दोघांची तुलना करून मी कुठला आजार शोधत होते?

तेव्हापासून माझा नियम असा: पेशंटची नळी ज्या डब्यातून यायची त्याच डब्यात, त्याच वेळी काढलेली, तिथल्याच एखाद्या धडधाकट माणसाची नळी आली पाहिजे. बहुतेक वेळा रक्त काढणारा स्वतःचंच देतो, कुरकुर करतो, पण देतो. कंट्रोल बिघडला तर तपासणी रद्द, चर्चा नाही. डबा थर्माकोलचा, बर्फाची पिशवी वर्तमानपत्रात दोनदा गुंडाळलेली, कारण काचेला बर्फ चिकटला की पेशी गोठून फुटतात आणि मग नवंच नाटक. एकदा माझ्याकडं कुंद्याच्या रिकाम्या डब्यात नळ्या आल्या होत्या, वास सुंदर, बाकी सगळं वाया. आणि फ्रॅजिलिटीसाठी तर आता मी नमुना मागवतच नाही, पेशंटलाच बोलावते. हेपरिनमध्ये (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यात) रक्त, काढल्यापासून दोन तासांच्या आत सलाइनमध्ये. चिकोडीहून येणाऱ्याला त्रास होतो हे मला मान्य आहे.

सलाइनची बाटली कापणारे

दुसरी माझी लाडकी चीड. सलाइन बनवायचा कंटाळा येतो म्हणून शिरेतून चढवायची ०.९ टक्क्याची बाटली कापायची, त्यात डिस्टिल्ड वॉटर ओतत ओतत सगळ्या नळ्या तयार करायच्या. कुठल्याशा व्हिडिओत बघितलेलं असतं. त्या बाटलीत बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रव्य) नसतो आणि ती चांगलीच आम्लाकडं झुकलेली असते. पीएच खाली गेला की पेशी लवकर फुटते. ०.१ पीएचचा फरक म्हणजे सलाइन ०.०१ टक्क्यानं बदलल्यासारखा, आणि या तपासणीत आपण भांडतोय तेच मुळी अशा शतांशांवर. तापमानाचंही तसंच, पाच अंशाला ०.०१ टक्का, आणि दिशाही तीच, तापमान खाली गेलं की: गारव्यात पेशी लवकर फुटतात. जानेवारीतल्या सकाळचा निकाल एप्रिलच्या दुपारशी ताडून बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मी दहा टक्के तीव्रतेचा साठा करून ठेवते: एक लिटरला सोडियम क्लोराइड ९० ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १३.६५ ग्रॅम, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट २.३४ ग्रॅम. पीएच ७.४. घट्ट बुचाच्या बाटलीत महिनोन्‌महिने टिकतो. रोज त्यातून काढायचं आणि पातळ करायचं. पाच मिलिलिटर सलाइनला ५० मायक्रोलिटर रक्त, थेंब मोजून नव्हे, पिपेटनं. आणि पाणी गॅरेजमधून बॅटरीसाठी आणलेलं नको. हसू नका, असं आणणारा एक महाभाग मला माहीत आहे.

अर्ध्या तासाची एक नळी

थॅलेसेमियाच्या चाळणीसाठी एकाच नळीची सोपी पद्धत आहे, नेस्ट्रॉफ. ०.३६ टक्के बफर सलाइन दोन मिलिलिटर, २० मायक्रोलिटर रक्त, अर्धा तास, आणि नळीच्या मागं पांढऱ्या कागदावरची काळी रेघ. रेघ स्वच्छ दिसली तर पेशी फुटल्या, म्हणजे ठीक. दिसली नाही तर पेशी फुटायला तयार नाहीत, म्हणजे पुढं तपासा. शिबिरात रांग लागलेली असते म्हणून पाच मिनिटांत बघून "रेघ दिसत नाही" लिहिणारे आहेत. रेघ दिसली नाही म्हणजे थॅलेसेमियाच असं कागदावर छापून देणारे त्याहून वाईट. लोह कमी असलेल्या बाईच्या पेशीही तशाच चिवट असतात.

उलट बाजूनं, एमसीव्ही कमी दिसला की लोहाच्या गोळ्या, ही तर गावोगावची रीत. एमसीव्हीला पेशींच्या संख्येनं (दशलक्षात) भागून बघायला दहा सेकंद लागतात. १३ च्या खाली आलं तर गोळ्यांच्या आधी एचपीएलसी. वर आलं म्हणून थॅलेसेमिया नाहीच, असं मात्र नाही.

एचपीएलसीच्या आधी रक्त चढवलं होतं का, हे विचारायचं राहून जातं. आमच्या भागात फॉर्म कन्नडमध्ये, पेशंट मराठी बोलणारा आणि रिपोर्ट इंग्रजीत. या तीन भाषांच्या फटीत नेमका हाच प्रश्न पडतो. तीन महिन्यांच्या आत रक्त चढवलं असेल तर आपण दात्याचं हिमोग्लोबिन मोजत असतो. मी दोन्ही भाषांत विचारते आणि उत्तर नळीच्या लेबलवरच लिहिते.

सिकलिंगची स्लाइड: दोन टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट रोज ताजं. कालचं उरलेलं ऑक्सिजन काढून घेत नाही, आणि मग सगळं गाव निगेटिव्ह येतं. कव्हरस्लिपच्या कडा व्हॅसलिननं बंद. नाहीतर कडेनं वाळलेल्या काटेरी पेशींना नवशिके विळा म्हणतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही तपासणी लावू नका, त्याच्यात एफ (गर्भातलं) हिमोग्लोबिन भरपूर असतं, ते विळा होऊ देत नाही. पॉझिटिव्ह आलं तर वाहक की आजारी हे ही स्लाइड सांगत नाही. ते एचपीएलसीवर कळतं.

बारीक सुईतून रक्त जोरात नळीत दाबायचं नाही. सुई काढायची, भिंतीवरून सोडायचं.

स्फेरोसायटोसिसचं माहितीतलं मूल तापानं आलं आणि हिमोग्लोबिन आठावरून चारवर घसरलं, तर "पेशी जास्त फुटतायत" असं गृहीत धरून बसू नका, रेटिक (नव्या कोवळ्या पेशींचं, रेटिक्युलोसाइटचं प्रमाण) बघा. पार्व्हो व्हायरस अस्थिमज्जेतलं उत्पादन आठ-दहा दिवस बंद पाडतो. आपल्या पेशी १२० दिवस टिकतात म्हणून आपल्याला पत्ताही लागत नाही, या मुलांच्या मोजके दिवस टिकतात. रेटिक शून्याजवळ दिसला तर रात्र असो की सण, फोन करायचा.

झटक्याच्या दिवशी जीसिक्सपीडी

या चुकीनं माणूस मरू शकतो.

खानापूर भागातली बरीच मुलं गोव्यात बांधकामावर जातात. त्यातला एक मलेरिया घेऊन गावी आला. व्हायवॅक्स प्रकारचा, म्हणून प्रायमाक्विन हे औषध चालू झालं. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी, म्हणजे पेशी फुटण्याचा झटका. कुणीतरी शहाण्यानं जीसिक्सपीडी करायला पाठवलं आणि एका ठिकाणी रिपोर्ट आला "नॉर्मल". तो कागद त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला. पुढच्या वर्षी परत मलेरिया, परत प्रायमाक्विन, कारण कागद नॉर्मल! या खेपेला रक्त चढवावं लागलं.

कागद खोटा नव्हता, वेळ चुकीची होती. जीसिक्सपीडी हे एन्झाइम पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवतं. शिदोरी संपत आलेल्या म्हाताऱ्या पेशी औषधाच्या माऱ्यात आधी मरतात, मज्जा नव्या कोऱ्या पेशी बाहेर सोडते, आणि त्या रेटिक्युलोसाइटमध्ये एन्झाइम अजून भरपूर असतं. म्हणजे झटक्यानंतर नळीत उरतात ते फक्त वाचलेले आणि नवे. आपण नेमकी त्यांचीच परीक्षा घेतो आणि म्हणतो, पास.

म्हणून माझ्याकडं जीसिक्सपीडीबरोबर रेटिक सक्तीचा. रेटिक वाढलेला आणि एन्झाइम नॉर्मल, तर रिपोर्टवर लिहून जातं: तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, तोवर जीसिक्सपीडी कमी आहे असं समजून चाला. झटक्याच्या दिवशीच काही बघायचं असेल तर क्रिस्टल व्हायोलेटनं रंगवून हाइन्झ बॉडी (पेशीतले बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे ठिपके) बघाव्यात, आणि साध्या स्लाइडवर कडेला चावा घेतल्यासारख्या पेशी. या पहिल्या एक-दोन दिवसांत बघा, कारण पांथरी ते ठिपके भराभर काढून टाकते. सेल काउंटरच्या कागदावर यातलं काही येत नाही, डोळा लावावा लागतो.

आणि आहाराबद्दल. असा पेशंट आला की घरातला पावटा बंद करायला सांगतात. त्रास देणारी शेंग वेगळी, फॅवा बीन, ती आपल्या आमटीतला पावटा नव्हे. त्यापेक्षा घरातल्या ट्रंका बघा, डांबरगोळ्याही अशा पेशी फोडतात. गेल्या थंडीत पाच दिवसांचं एक बाळ आलं, पिवळंजर्द, आईचा आणि बाळाचा रक्तगट जुळणारा, कारण काही सापडेना. आज्जी बाळाला घेऊन माझ्यासमोर बाकावर बसली होती. टाचेतून रक्त घ्यायला वाकले तर दुपट्याला डांबरगोळ्यांचा वास. "बाळाच्या बापाचं दुपटं हाय," आज्जी म्हणाली, "पंचवीस वर्षं ट्रंकंत जपून ठेवलंया."