सायट्रेटचा कॅन लावताना या चुका टाळा

मुंबईत डायलिसिस टेक्निशियन म्हणून काम करताना सुरुवातीची बरीच वर्षं मी पार्ट एच्या कॅनमध्ये (डायलिसिसचं फ्लुइड ज्या दोन द्रावणांपासून बनतं त्यातलं ॲसिडचं) फक्त ॲसिटिक ॲसिड पाहिलं. मग एका सेंटरमध्ये सायट्रिक ॲसिडचे, म्हणजे सायट्रेटचे, कॅन आले. पहिल्याच आठवड्यात, तिसऱ्या तासाला लालबागचे एक काका म्हणाले, "दादा, ओठांभोवती मुंग्या येतायत." सिस्टरनी बीपी घेतलं, शुगर पाहिली, दोन्ही ठीक. एसीचा गारठा असेल म्हणून मी अंगावर चादर घातली. पंधरा मिनिटांत त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले, हाताची बोटं आखडली. डॉक्टरांना बोलावलं, ईसीजी काढला, काका सावरले. मग मी कॅनचं लेबल नीट वाचलं. जुन्या कॅनमध्ये कॅल्शियम लिटरला १.५ मिलिमोल होतं, या कॅनमध्ये १.२५. वाचायला हवं होतं ते कॅन लावायच्या आधी.

हे का घडतं ते सांगतो, कारण पुढच्या बहुतेक चुका याच एका गोष्टीतून निघतात. बायकार्बोनेट आणि कॅल्शियम एकत्र आले की चुना बसतो, बोअरच्या पाण्याच्या गिझरमध्ये बसतो तोच. म्हणून पार्ट ए (त्यात कॅल्शियम) आणि पार्ट बी (त्यात बायकार्बोनेट) वेगळे ठेवतात आणि पार्ट एमध्ये थोडं ॲसिड घालतात. ते ॲसिटिक असेल तर तयार फ्लुइडमध्ये लिटरला ३ ते ४ मिलिमोल ॲसिटेट येतं. सायट्रिक असेल तर ०.८ ते १ मिलिमोल सायट्रेट पुरतं. फरक असा की सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं. रक्त गोठायला मोकळं कॅल्शियम लागतं, ते डायलायझरच्या (रक्त गाळणाऱ्या फिल्टरच्या) पडद्यापाशी कमी झालं की गुठळ्या कमी होतात. फायदा इथूनच येतो, आणि ओठांच्या मुंग्याही इथूनच.

कॅल्शियमचा आकडा न जुळवणं

लेबलवरचं कॅल्शियम हे एकूण कॅल्शियम असतं. १ मिलिमोल सायट्रेट असलेल्या फ्लुइडमध्ये त्यातलं साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमोल अडकून पडतं. म्हणजे सायट्रेटच्या कॅनवर १.५ लिहिलेलं असलं तरी पेशंटच्या बाजूने ते १.३ च्या आसपासच वागतं. १.२५ चा कॅन असेल तर उरतं आणखी कमी. त्यामुळे सायट्रेटवर जाताना कॅल्शियम किती ठेवायचं हे नेफ्रॉलॉजिस्टने पेशंटगणिक ठरवायचं असतं. स्टोअरमध्ये जो कॅन हाताला लागला त्यावर ते ठरता कामा नये.

एककांचाही घोळ होतो. एका कॅनवर कॅल्शियम ३ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर १.५, आणि दोन्ही सारखेच असतात. पहिलं मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, दुसरं मिलिमोलमध्ये. कॅल्शियमसाठी मिलिमोलची दुप्पट केली की मिलिइक्विव्हॅलंट मिळतात. घाईच्या शिफ्टमध्ये नवी मुलं "अडीच" हा आकडा पाहून कॅल्शियम भरपूर आहे असं समजतात. तो १.२५ च असतो.

मुंग्या, गोळे, अचानक पडलेलं बीपी दिसलं की अनेकदा साधं कॅल्शियम तपासायला पाठवतात आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. त्यात सायट्रेटने धरलेलं कॅल्शियमही मोजलं जातं, म्हणून तो फसवतो. तपासायचं ते आयोनाइज्ड, म्हणजे मोकळं कॅल्शियम, एबीजी (रक्तातले वायू तपासणाऱ्या) मशीनवर मिळतं ते. नमुना डायलायझरच्या आधीच्या, आर्टेरियल लाइनमधून घ्या. डायलायझरमधून परत येणाऱ्या रक्तात सायट्रेट मिसळलेलं असतं, तिथला आकडा पेशंटच्या शरीरातला नव्हे.

लिव्हर खराब असलेल्या पेशंटची गोष्ट वेगळी. सायट्रेटचं विघटन मुख्यतः यकृतात होतं. ते झालं नाही तर सायट्रेट साठतं. अशा वेळी एकूण कॅल्शियम वाढतं आणि आयोनाइज्ड खाली जातं. सिरोसिस किंवा गंभीर कावीळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा कॅन उघडूच नका.

"सायट्रेट आहे ना, मग हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) बंद"

ही चूक हुशार माणसंही करतात. आयसीयूमध्ये सायट्रेट थेट रक्ताच्या सर्किटमध्ये (नळ्या आणि डायलायझरमध्ये) सोडून हेपरिनशिवाय डायलिसिस करतात, ते ऐकलेलं असतं. पण तिथे सर्किटमधलं आयोनाइज्ड कॅल्शियम ०.४ मिलिमोलच्या खाली आणतात आणि पेशंटला वेगळं कॅल्शियम देतात. फ्लुइडमधल्या एवढ्याशा सायट्रेटने तसं होत नाही. ते हेपरिनला हातभार लावतं. पहिल्याच दिवशी हेपरिन शून्यावर आणलं तर पूर्ण सर्किट गोठू शकतं आणि पेशंटचं साधारण दीडशे ते दोनशे मिलिलिटर रक्त कचऱ्यात जातं. ज्याचं हिमोग्लोबिन आधीच आठ-नऊ आहे त्याच्यासाठी हे फार मोठं नुकसान आहे. डॉक्टरांच्या सांगण्याने डोस टप्प्याटप्प्याने उतरवा आणि प्रत्येक वेळी रक्त परत दिल्यावर डायलायझरमधले किती तंतू (बारीक नळ्या) लाल राहिले ते फाइलमध्ये लिहा.

आणि सायट्रेट असूनही गुठळ्या होत असतील तर कॅनला दोष देण्याआधी फिस्टुला (हातावरची सुई टोचायची, ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी) पाहा. रक्ताचा प्रवाह पुरेसा मिळतोय का? सुई नीट बसलीय का, पंप सारखा थांबतोय का, चेंबरमध्ये हवा आणि फेस आहे का? व्हीनस प्रेशर (रक्त परत जाणाऱ्या नळीतला दाब) हळूहळू चढत असेल तर गोठायला सुरुवात झालेली असू शकते.

कंडक्टिव्हिटी (फ्लुइडची वीज वाहून नेण्याची क्षमता) बरोबर, म्हणजे सगळं बरोबर?

नाही. मशीनवरची १४ च्या आसपासची कंडक्टिव्हिटी मुख्यतः सोडियमची खबर देते. कॅल्शियम १.२५ चं १.५ झालं, पोटॅशियम २ चं ३ झालं, ॲसिटिकच्या जागी सायट्रिक आलं, तरी तो आकडा जवळपास हलत नाही. अलार्म वाजला नाही याचा अर्थ कॅन योग्य होता असा होत नाही. मशीनच्या मेनूत कॉन्सन्ट्रेटचं नाव बदला, मिसळण्याचं प्रमाण लेबलशी ताडून पाहा, दोघांनी लेबल मोठ्याने वाचा. अलार्म वाजलाच तर तो बंद करायला सोडियमचं सेटिंग ढकलू नका. आधी कॅन, नळी आणि पार्ट बी तपासा.

बायकार्बोनेटचा हिशोबही सुटतो. सायट्रेटच्या एका रेणूपासून शरीरात तीन बायकार्बोनेट बनतात, ॲसिटेटच्या एकापासून एक. मशीनवर दिसतो त्याच्या वर हा साठा मिळतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ॲसिटेटमधून मिळणाऱ्या अशाच न मोजलेल्या बायकार्बोनेटबद्दल सावध केलं होतं. कॅन बदलल्यावर डायलिसिसच्या आधीचं बायकार्बोनेट तपासून सेटिंग ठरवून घ्या.

धुण्याचं सायट्रिक वेगळं

मशीनमधला चुना काढायला गरम पाण्याबरोबर वापरतात तेही सायट्रिक ॲसिडच, पण कितीतरी तीव्र. हे कॅन पार्ट एच्या शेजारी ठेवू नका, वेगळ्या कपाटात ठेवा. सायट्रिक आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. आपल्याकडच्या बंद, एसी लावलेल्या हॉलमध्ये तर जराही नको. दोन धुण्यांच्या मध्ये आरओ पाण्याचा पूर्ण रिन्स द्यायलाच हवा.

घरी लिंबूसत्त्व (खायचं सायट्रिक ॲसिड)?

"मशीनला चालतं तर मी प्यायलो तर?" असं एका मावशींनी विचारलं होतं. प्रश्न चांगला होता. मशीनमध्ये मिनिटाला सुमारे ५०० मिलिलिटर, म्हणजे चार तासांत १२० लिटर फ्लुइड पडद्यापलीकडून वाहून जातं. पोटातल्या लिंबूसत्त्वाचा त्याच्याशी संबंध नाही. उलट सरबताचं पाणी दिवसाच्या पाण्यात धरावं लागतं. सायट्रिक ॲसिड असलेल्या फ्रूट सॉल्टमध्ये सोडियम भरपूर असतं. सगळ्यात धोक्याचं म्हणजे ॲल्युमिनियम असलेल्या ॲसिडिटीच्या औषधाबरोबर सायट्रेट घेणं. सायट्रेटमुळे ॲल्युमिनियम रक्तात जास्त शिरतं, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि मेंदूला इजा होऊ शकते. केमिस्टकडून ॲसिडिटीचं जेल परस्पर आणू नका.

गणपतीला गावी जाताना

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आमचे निम्मे कोकणातले पेशंट चिपळूण, रत्नागिरी, कुडाळच्या सेंटरमध्ये एखाद-दोन डायलिसिस करून येतात. सोबत ड्राय वेट (जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन) आणि तपासण्यांचे रिपोर्ट असतात, कॅनचा उल्लेख नसतो. इथे सायट्रेटवर हेपरिन निम्म्यावर आणलेलं असतं. तिथे ॲसिटिकच्या कॅनवर तोच निम्मा डोस दिला की डायलायझर गोठतो. आता मी प्रत्येकाच्या कार्डावर पाच गोष्टी लिहून देतो: ॲसिड कोणतं, कॅल्शियम एककासह, पोटॅशियम, बायकार्बोनेटचं सेटिंग, आणि हेपरिन सायट्रेटवर किती व त्याआधी ॲसिटिकवर किती होतं. लालबागचे काका दर वर्षी ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिकिटाबरोबर ठेवतात.